जित्या जनावराचा विमा

भुकूम
मंगळवार, ८ जुलै

प्राजक्ता,

चिरंजीव सौभाग्यवती वगैरे काय लिहीत न्हाई. ते लिहिलं की मायेचं पत्र वाटतं, आन् हे मायेचं पत्र न्हाई. कामाचं हाय.

सासू फोन का करत न्हाई म्हणशील. भैरोबाची आण घेऊन बसलीया मी, तुझ्याशी तोंडानं बोलणार न्हाई म्हणून. तुझ्या समोरच घेतली व्हती, आठ महिने झाले. आण ती आण. पण हातानं लिहिणार न्हाई असं काय मी म्हणले नव्हते. सातवी पास हाय मी, आन् वर्गात माझं अक्षर पहिलं व्हतं. बोलतीया तसंच लिहितीया, चुका काढत बसू नको.

शैलेशला इचारलं असतं. पण माझ्या लेकाला काय बी इचारा, "प्राजक्ताला विचारून सांगतो" म्हणतो. मंग म्हणलं मधला दलाल कशाला?

तर काम असं. दिवाळी झाल्यावर तू कुत्र्याचे, आपल्या केऱ्याचे, फोटो काढलेस, समोरनं, डावीकडनं, उजवीकडनं, पोलीस चोराचे काढत्यात तसे, आन् त्याचा विमा उतरवलास. तो कागद अजून चालू हाय का फाडून टाकलास? आन् चालू असंल तर जनावर जितं असताना त्याचं काय मिळतं, का मेल्यावरच? एवढंच सांग. सहज इचारतीया.

केऱ्या बरा हाय. अंगणात पडून असतो. उन्हाळ्यात पडायचा तसाच. आता ऊन न्हाई, ही गोष्ट वेगळी. काल त्याला टाकलेली भाकरी कोंबड्यांनी खाल्ली. कोंबड्या लई माजल्यात हल्ली.

हे पत्र अनुष्का आणंल. नागपूरकडची पोरगी हाय, हिंजवडीत कामाला. तू गेल्यावर मागची खोली तिला भाड्यानं दिली. तिची कंपनीची गाडी तुमच्या महाळुंग्यावरनंच जाती, गेटवर वॉचमनकडं ठेवंल. उत्तर लिहायचं असलं तर संध्याकाळी साडेसहापर्यंत तितंच ठेव. न्हाई लिहिलंस तरी माझं काय अडत न्हाई.

पण लिही.

लीलाबाई


बुधवार, ९ जुलै
सकाळी सहा

प्राजक्ता,

तुझी चिठ्ठी मिळाली. तीन वाक्यं. "पॉलिसी नोव्हेंबरपर्यंत चालू आहे. जिवंत असतानाच तिचा उपयोग असतो. केरूला काय झालंय ते खरं लिहा." आई कशा आहात, एवढं बी न्हाई. बरं. करावं तसं भरावं.

खरं लिहा म्हणतीस. मंग घे.

शनिवार-रविवार मुळशी धरणाकडं गाड्यांची रांग लागती तुला माहीत हाय. आपल्या फाटकाबाहेर वरच्या वाडीची तानुबाई कणसं भाजायला बसती. लोकं गाडीत बसून खात्यात आन् दाणे संपले की मोकळं कणीस काचेतनं बाहेर. लोणी, मीठ, लिंबू लागलेलं असतं ना त्याला. रविवारी दुपारी केऱ्यानं एक कणीस उचललं. मी वरडले तवर निम्मं पोटात गेलं. संध्याकाळपासून वकतोय. सोमवारी पाणी बी पोटात ठरलं न्हाई. मी एरंडेल पाजलं. आपल्यात पोराबाळांना देत्यात ना, म्हणलं ह्याला बी चालंल. काल सकाळी तुला 'बरा हाय' लिहिलं तवा तो माझ्या पायाशी कण्हत व्हता. खोटं लिहिलं मी.

काल सांजच्याला गोरखला बोलावलं. गाई-म्हशींना सुया टोचतो तो. त्यानं पोट चाचपलं आन् म्हणला, "काकू, आत काय तरी आडकलंय. हे माझ्या हातातलं न्हाई. उद्याच्या उद्या पुण्यात न्या, न्हाईतर जाईल."

जाईल म्हणला, प्राजक्ता.

आता तू म्हणशील, मंग आदी फोन करायचा सोडून विम्याच्या चौकशा कशाला? तर तू मला अडाणी समजतीस म्हणून सांगतीया, विम्यातलं मला जेवढं कळतं ते. आपली कपिली गाय बँकेच्या कर्जावर घेतली व्हती. बँकेनं तिचा विमा उतरवला, कानात बिल्ला ठोकला. तिसऱ्या वर्सी ती पोट फुगून मेली. विम्याचा माणूस आला आन् पहिलं काय इचारलं? बिल्ला कुटं हाय? बिल्ला पडला व्हता, कुंपणात कान आडकून. बिल्ला न्हाई तर पैसा न्हाई, म्हणला आन् गेला. पुढल्या वर्सी हनुमंत भावजींची गाय मेली. तिचा बिल्ला शाबूत व्हता. तर कान कापला बिल्ल्यासकट, पिशवीत घातला आन् दिला त्या माणसाला. माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणून माझ्या लेखी विमा म्हणजे मेल्या जनावराचा कापलेला कान. दुसरा विमा मला ठावका न्हाई.

आन् तू काय केलंस? सोमवारी फोटो काढलेस, विमा उतरवला म्हणलीस. गुरुवारी केऱ्याला 'दवाखान्यात नेते' म्हणून नेलंस आन् दुसऱ्या दिवशी आणलंस तर डाव्या कानाचं टोक गायब! जित्या जनावराचा कान कापलेला बघून मी काय समजायचं ग? मी इचारलं तर तू म्हणलीस, "आई, खूण आहे ती." अगं, गाईची बी खूणच असती! मंग मी काय काय बोलले ते मी बोलले. तू बी म्हणलीस, "कळत नसेल तर बोलू नका." तितं माझं डोकं फिरलं आन् भैरोबाची आण निघाली तोंडातनं.

कुत्रं तुझं हाय हे मी कवा नाकबूल केलं न्हाई. हिंजवडीच्या रस्त्यावरनं हेल्मेटात घालून तूच आणलं व्हतंस, मुठीएवढं. त्याच्या आदीची दोन पिल्लं आपल्या अंगणात मेली व्हती म्हणून मी ह्याचं नाव केरू ठेवलं. केरकचऱ्याला काळ हात लावत न्हाई म्हणत्यात. आता लावू पाहतोय.

अनुष्कानं आज रजा काढलीया. आठ वाजता रिक्षा बोलावलीया. हे पत्र तिच्या कंपनीच्या गाडीचा डायव्हर सौरभ टाकंल तुमच्या गेटवर. दवाखाना कोथरूडला हाय. तू ये असं मी म्हणत न्हाई. पत्ता मागल्या बाजूला लिहिलाय.

लीलाबाई


बुधवार, दुपारी साडेबारा
दवाखान्याच्या बाकावर

प्राजक्ता,

तू बाकाच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला, मधी अनुष्का. औषधाच्या बिलामागं लिहितीया, चालवून घे. ती तुझ्याकडं सरकवंल.

डॉक्टर गांगरले बिचारे. "कुत्रा कोणाचा?" म्हणले, तर तू बी गप, मी बी गप. त्यांनी दोनदा इचारलं. शेवटी अनुष्काच म्हणली, "दोघींचा." त्यांनी काय समजायचं ते समजलं असंल.

तू आलीस. पत्र मिळून आलीस का त्या चहाडखोर पोरीनं आदीच फोन केला व्हता, ते मी इचारत न्हाई. तू दारात दिसलीस आन् केऱ्यानं शेपूट हलवली. तीन दिवसांत पहिल्यांदा. मी रात्रंदिवस त्याच्या उशाशी, आन् शेपूट तुला! लई राग आला मला. आन् लई बरं वाटलं.

डॉक्टर म्हणले, विमा असेल तर ऑपरेशनच्या आधीचे फोटो काढा आणि आजच्या आज कंपनीला कळवा, उद्यावर टाकू नका. तू मोबाईल काढलास आन् आदी माझ्याकडं बघितलंस. एवढ्या घाईत बी. म्हणून मी त्याचं तोंड दोन्ही हातांनी तुझ्याकडं वळवून धरलं. बोलता येत नव्हतं, तेवढंच करता आलं.

आता कानाचं. डॉक्टरांनी त्याचा कान उलटून बघितला आन् म्हणले, "नसबंदी झालेली दिसतेय." मी म्हणलं, कानावरनं कसं कळलं? तर म्हणले, "आजी, शिबिरात फुकट नसबंदी करतात ना, तिथे भूल दिलेली असतानाच कानाचं टोक कापतात. म्हणजे कुत्र्याला पुन्हा कोणी पकडून नेत नाही. सगळीकडे हीच पद्धत आहे." मी म्हणलं, आन् विमा? ते हसले. "विम्याचा आणि कानाचा काय संबंध?"

तू तितंच उभी व्हतीस. माझ्याकडं बघितलं न्हाईस. बघितलं असतंस, 'आता कळलं का' अशा तोंडानं, तर मला रागवायला तरी झालं असतं.

आत नेऊन आता अर्धा तास झाला. एरंडेल पाजल्याबद्दल डॉक्टर मला रागावले ते तू ऐकलंस. अजून एक दिवस गेला असता तर आतडं फाटलं असतं म्हणले. मंगळवारचा अख्खा दिवस मी कागदाच्या चौकशीत घालवला. त्याचं काय बरंवाईट झालं तर ते कणसानं न्हाई, माझ्या ताठ्यानं. हे मी शाईनं लिहून देतीया.

एक वाजता.

तुझी चिठ्ठी मिळाली. "आई, सकाळपासून तुम्ही काही खाल्लेलं नाही. पिशवीत पोळी-भाजी आहे. आधी खा." खाल्ली. मेथीत मीठ कमी व्हतं. पण खाल्ली सगळी.

दोनला दहा कमी.

डॉक्टर काय म्हणले ते तू बी ऐकलंस, पण मी लिहितीया, लिहिल्याबिगर मला खरं वाटायचं न्हाई. कणसाचा तुकडा निघाला, माझ्या आंगठ्याएवढा. आतडं शाबूत हाय. शुद्धीवर येतोय. केऱ्या जिता हाय.

जिता हाय ग बाई.

तू ओढणीत तोंड घालून रडलीस ते मी बघितलं. मी भिंतीकडं तोंड केलं व्हतं म्हणून माझं तुला दिसलं न्हाई. अनुष्का मधी बसून दोघींना पाणी देत व्हती.


भुकूम
रविवार, १३ जुलै

प्राजक्ता,

काल तू आन् शैलेश केऱ्याला सोडून गेलात, त्याचा आजचा हालहवाल आदी लिहिते, मंग बाकीचं.

सकाळी भात आन् उकडलेली कोंबडी दिली, मिठाबिगर, डॉक्टर म्हणले तशी. वाटीभर खाल्ली, वर वाटी चाटली, पोटात ठरली. मी तासभर वाटीसमोर बसून व्हते, वकतो का बघत. वकला न्हाई. मंग मी चहा घेतला. आठवड्यात पहिल्यांदा मला चहाला चव लागली.

ते गळ्यात घातलेलं प्लॅस्टिकचं नरसाळं मात्र लई वैताग हाय. त्याला टाके चाटता येत न्हाईत हे खरं, पण दारातनं आत येताना दोन्ही बाजूंना आपटतो. पाण्याची कळशी पाडली. कोंबड्या त्याला बघून पेरूच्या झाडावर चढल्या. तानुबाई आली तर म्हणली, "ह्यो काय रेडिओ झाला व्हय?" मी इतकी हसले की पदर तोंडात घालावा लागला. एकटीच्या घरात हसायची सवय गेलीया माझी.

आन् तानुबाईनं काय केलंय ऐक. गाड्यांसमोर पोतं बांधलंय आन् सांगती, "कणीस खा, पर मोकळं पोत्यात टाका, न्हाईतर पुढलं कणीस देणार न्हाई." लोकं ऐकत्यात तिचं. माझं कुणी ऐकलं नसतं.

काल शैलेशची मजा झाली. तू त्याला म्हणायचीस, "आईंना सांग, पांढरी गोळी जेवणानंतर." तो वळून मला म्हणायचा, "आई, पांढरी गोळी जेवणानंतर." मी दोन हातांच्या अंतरावर उभी! मी म्हणायचे, "तिला सांग, कळलं." पोराला घाम फुटला. शेवटी म्हणला, "मी गाडीत बसतो, तुमचं काय ते कागदावर लिहा." तू त्यावर हसलीस. मंग पटकन हसू आवरलंस.

आता बाकीचं.

चुकलं माझं. कानाच्या बाबतीत चुकलं. तू सांगत व्हतीस, मी सांगू दिलं न्हाई. एका जनावराला चांगलं व्हावं म्हणून तू कामाचे दिवस बुडवून दोन दोन गोष्टी केल्यास, आन् मी चार लोकांत तुला काय म्हणले? जित्याच्या मरणावर पैसे लावणारी. हे शब्द मी म्हणले. भावजींच्या, त्यांच्या मंडळींच्या समोर म्हणले. माफी बी त्यांच्या समोरच मागितली पायजे, ती मागंन.

पण तेवढंच लिहून थांबले तर पुन्हा खोटं लिहिल्यासारखं होईल.

कान हे निमित्त व्हतं. महाळुंग्याला फ्लॅट घेतलाय हे मला तुमी सांगायच्या आदी हनुमंत भावजींनी सांगितलं. कुणीतरी त्यांना सांगितलं, त्यांनी मला. दिवाळीच्या फराळाला बसले असताना. मी म्हणलं, मला माहीत हाय की. नव्हतं माहीत. हातातली शेव बशीत परत ठेवली. तुमी म्हणे दिवाळीच्या पाडव्यानंतर सांगणार व्हता, सगळं ठरल्यावर, आईला घोर नको म्हणून. आईला काय घोर व्हायचाय? हितनं महाळुंगं असं कितीसं लांब! पण परक्याच्या तोंडनं कळलं ते लई लागलं. ते बोलायला मला लाज वाटली. मंग केऱ्याचा कान दिसला आन् मी त्याच्यावर सगळं काढलं.

आन् घर सोडताना तू केऱ्याला मागितलंस तवा दिलं न्हाई, ते बी रागानं न्हाई. मला वाटलं केऱ्या हितं असला की तू येशील. तू गुढीपाडव्याला एकदाच आलीस. मी शेतावर गेले व्हते ना त्या दिवशी? मुद्दाम गेले. पण केऱ्याला रोज बरोबर नेते, त्या दिवशी दारात बांधून गेले, तुला भेटावा म्हणून. बांधावरनं बघत व्हते. तू त्याच्या गळ्यात पडलीस तवा तुझी नवी साडी मातीत गेली. ती जांभळी. तुला जांभळा शोभतो.

हे सगळं वाचून तुला राग आला तर येऊ दे. तू लगेच माफ कर असं मी म्हणत न्हाई. तुला बी ताठा हाय, तो मला आवडतो, कारण माझाच हाय तो. चार दिवस घे, महिना घे.

गोळ्या येळेवर चालल्यात. पांढरी जेवणानंतर. कळलं व्हतं मला.

तुझी सासू,
लीलाबाई


भुकूम
सोमवार, ११ ऑगस्ट
सकाळी साडेसहा

प्राजक्ता,

ह्या वेळी दोन पानं आली! अनुष्काला म्हणलं, वजनावरनंच कळलं मला. पहिल्या ओळीत "आई, तुम्ही कशा आहात" हाय. त्या ओळीवरच मी बराच येळ व्हते. मी बरी हाय. गुडघा सोडला तर बरी हाय.

कंपनीनं बेचाळीसातले एकतीस हजार दिले म्हणतीस. नरसाळ्याचे कापले, खाण्याचे कापले आन् काय वाटा आपलाच असतो तो कापला. कापणारच. विमावाले हायेत, मामा न्हाईत. पण कान मागितला न्हाई, एवढ्यावर मी खूश हाय.

आन् लिहितीस, नोव्हेंबरात पुन्हा भरायचा का? हप्ता वाढंल, केऱ्याचं वय वाढतंय, तुम्ही सांगाल तसं करू. मी सांगू? मला विम्यातलं काय कळतं हे आता अख्ख्या दवाखान्याला माहीत हाय. पण इचारलंस, तर काल ह्याच्यावरच हनुमंत भावजींशी वाद झाला तो सांगते.

त्यांच्या ओसरीवर गेले व्हते. ज्या कामाला गेले ते आदी केलं, त्यांच्या आन् त्यांच्या मंडळींच्या समोर. म्हणलं, मी प्राजक्ताला बोलले ते चुकीचं बोलले, माझ्या अडाणीपणानं बोलले. जाऊबाई म्हणल्या, जाऊ द्या. मी म्हणलं, जाऊ कसं द्या? गावभर सांगताना तर जाऊ दिलं नव्हतं.

मंग भावजी म्हणले, "वर्साला पाच हजार कुत्र्यावर? येडी झालीस का वैनी? त्यात चार कुत्री येत्याल." मी म्हणलं, कुत्री फुकट मिळत्यात भावजी, केऱ्या मिळत न्हाई. ते म्हणले, "मंग तेच पाच हजार दरवर्सी डब्यात टाक. आठ-नऊ वर्सांत तेवढेच व्हत्यात, कंपनीचं तोंड बघायला नको." हिशेब बरोबर हाय हं त्यांचा. मी म्हणलं, व्हय, फक्त केऱ्याला सांगून ठेवा, कणीस नवव्या वर्सी खा. जाऊबाई इतक्या हसल्या की भावजी चप्पल घालून बाहेर गेले.

पण खरं सांगू का, सगळ्यांनी भरावा असं मी बी म्हणणार न्हाई. तानुबाईकडं तीन कुत्री हायेत, ती काय विमा भरंल? ती सरकारी दवाखान्यात नेती, तितं नंबर लावती, तिची कुत्री बी जगत्यात. केऱ्याची लस आपण बी तितंच देऊ, लसीचे विम्यात मिळत न्हाईत म्हणतीस ना. वर्सभर काय झालं न्हाई तर पाच हजार पाण्यात गेले असं बी वाटंल मला, नोव्हेंबरात पुटपुटणार बी हाय मी, ते तू ऐकून घे.

तरी भर.

का ते सांगते. त्या दिवशी डॉक्टर म्हणले ऑपरेशन लागंल, तवा तू नुसती मान हलवलीस. किती लागतील हे इचारलं न्हाईस. मी बघत व्हते तुझ्याकडं. कपिलीचं पोट फुगलं व्हतं तवा तुझे सासरे आदी डॉक्टर किती घेईल ते इचारायला पौडला गेले. वाईट माणूस नव्हते ते, जीव व्हता त्यांचा गाईवर. पण हातात व्हतं तेवढंच व्हतं. परत आले तवर ती आडवी झाली व्हती. गोठ्याच्या दारात बसले आन् तिच्या मानेवरनं हात फिरवत राहिले. शेवटपर्यंत ते म्हणायचे, मी आदी भाव इचारला ग. ते त्यांच्या मनातनं कवा गेलं न्हाई. तुला तसं काय मनात घेऊन जगायला लागू नये. पाच हजार त्यासाठी हायेत. मला ते महाग वाटत न्हाईत.

टाके सुकलेत. केस बी यायला लागलेत. सकाळी मांजर दिसली तर कुंपणापर्यंत पळाला.

आता शेवटचं. काल भैरोबाला जाऊन आले. गुरवाला इचारलं, आण कशी सोडायची. तो म्हणला नारळ फोडा, गोडाचा निवद दाखवा, चूक कबूल करा. शिरा केला व्हता. देवाला म्हणलं, बोलणार न्हाई म्हणले व्हते, आता बोलल्याबिगर ऱ्हावत न्हाई. शिक्षा करायची असंल तर मला कर, तिला बी न्हाई आन् कुत्र्याला बी न्हाई. मंग गुरव, मी आन् केऱ्या, तिघांनी मिळून शिरा संपवला. देव काय बोलला न्हाई. मी त्याला होकार समजले.

ही नऊ महिन्यांतली माझी पाच पत्रं झाली, सहावं लिहिणार न्हाई. हात दुखतो. अनुष्का सव्वाआठला हे गेटवर ठेवंल, वॉचमन साडेआठला तुला देईल, तू लिफ्टमधी वाचशील. पावणेनऊला मी फोन लावणार हाय. नंबर तोंडपाठ हाय माझा, नऊ महिन्यांत विसरले न्हाई, कितीदा निम्मा दाबून ठेवून दिला ते इचारू नको.

मी पहिल्यांदा काय बोलले न्हाई तर फोन ठेवू नको. रडत असंन. तू नुसतं 'आई' म्हण, पुढलं मी बोलते.